मॉर्मन शेजाऱ्यांच्या विनोदी सिनेमात दहा हजार डॉलर घालावेत का?

एकांकिकावाली (लीहाय, युटा)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण विचारायला दुसरी जागा नाही.

दीड वर्षापूर्वी आम्ही एडिसनहून लीहायला आलो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. एडिसनमध्ये दार उघडलं की मराठी कानावर पडायचं. इथे आख्ख्या गल्लीत आम्ही धरून दोन भारतीय घरं. बाकीचे सगळे मॉर्मन, म्हणजे युटात मुख्य ठाणं असलेल्या ख्रिस्ती पंथाचे, आणि सगळे एकाच वॉर्डातले. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, आणि ती घराच्या पत्त्यावरून ठरते. आपल्या महापालिकेसारखंच, फक्त नगरसेवकाच्या जागी बिशप.

सामान उतरवलं त्याच संध्याकाळी समोरची शेजारीण केळ्याचा ब्रेड घेऊन आली. आता रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आपल्या हाडात भिनलेलं. मी दोन दिवसांनी त्याच ताटलीतून चकल्या पाठवल्या. पुढच्या आठवड्यात तिच्याकडून कुकीज आल्या. माझे रव्याचे लाडू गेले. मग तिचे चीज घातलेले बटाटे, माझे साबुदाणावडे, तिचा पाय, माझी पुरणपोळी. चार महिने हे चाललं. मला वाटत होतं, यांच्यात अशीच रीत असणार, आपण मागे राहायला नको. शेवटी तीच एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "तू ही प्लेट एकदा नुसती देशील का गं? माझी कपाटातली साखर संपली."

ही गोष्ट तिने तिच्या दिराला सांगितली. तो लग्नाचे व्हिडिओ आणि दुकानांच्या जाहिराती करतो. त्याला आता पूर्ण लांबीचा विनोदी सिनेमा करायचाय, वॉर्डात राहायला आलेल्या भारतीय कुटुंबावर. खर्च एक लाख ऐंशी हजार डॉलर. मी कॉलेजात सांगलीला एकांकिका लिहायचे हे बोलता बोलता सांगून बसले, त्यामुळे भारतीय घर मी लिहायचं असं ठरलं. आणि परवा त्याने हळूच विचारलं की तुम्ही दहा हजार घालाल का.

नवरा म्हणतो, नाटकाचा किडा दहा हजारांना चावतोय. मला विचारायचंय ते एवढंच. असे सिनेमे चालतात का, पैसे परत येतात का, आणि या लोकांच्या कशावर हसलेलं चालतं? त्यांच्या तळघरात बसून 'द सिंगल्स वॉर्ड' पाहिला. सगळे गडाबडा लोळत होते. सासरच्या लग्नात सगळे कुण्या नानाकाकांच्या आठवणीने हसतात आणि नवी सून नुसते दात दाखवते, तशी मी बसले होते.

डॉलरकाका (फ्रीमाँट)

पैसे देऊ नका. शेजार आणि पैसे, दोन्ही जातील. लाडू चालू ठेवा.

बूमकाठी (ओरेम)

ताई, मी कोल्हापूरचा. २००३ पासून ओरेममध्ये. आलो कॉम्प्युटर शिकायला, आणि पहिल्याच हिवाळ्यात वर्गातल्या एकाने विचारलं, "शनिवारी चार तास एक काठी धरशील का, पिझ्झा मिळेल." काठी म्हणजे बूम, टोकाला माइक. चार तासांचे चौदा झाले, पिझ्झा गार होता, आणि मी अजून तीच काठी धरून पोट भरतोय. मी मॉर्मन नाही. पण या लोकांचे संवाद इतकी वर्षं हेडफोनमधून ऐकलेत की हशा कुठे येणार हे मला खोलीतल्या लोकांच्या आधी कळतं.

पहिल्यांदा आकडे, तुमच्या यजमानांसाठी.

सुरुवात २००० साली झाली. रिचर्ड डचर नावाच्या माणसाने 'गॉड्स आर्मी' काढला. लॉस एंजेलिसमधल्या तरुण मिशनऱ्यांची गोष्ट, गंभीर. खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास, तिकीटबारीवर आले सव्वीस लाख. तोवर मॉर्मन माणूस पडद्यावर दिसायचा तो एक तर चर्चच्या स्वतःच्या फिल्ममध्ये, नाही तर दुसऱ्यांच्या सिनेमात चेष्टेसाठी. आपली माणसं आपल्याला बघायला तिकीट काढतात, हे इथल्या प्रोव्हो शहरातल्या प्रत्येक कॅमेरावाल्याला त्या एका सिनेमाने कळलं.

मग कर्ट हेल आणि डेव्ह हंटर या दोघांची हेलस्टॉर्म कंपनी आली, आणि २००२ मध्ये तुम्ही पाहिलात तो 'द सिंगल्स वॉर्ड'. बायको सोडून गेलेला, चर्चला जायचं बंद केलेला स्टँडअप कॉमेडियन, आणि त्याला परत ओढायला टपलेला अविवाहितांचा वॉर्ड. साडेबारा लाख डॉलर जमले. पुढच्या वर्षी 'द आर. एम.', म्हणजे धर्मप्रचाराच्या मिशनवरून परतलेला मुलगा. दोन वर्षांनी घरी येतो तर मैत्रीण गेलेली, नोकरी गेलेली, आईबापांनी घर बदललेलं. अकरा लाख. त्यानंतर २००४ मध्ये 'द होम टीचर्स'. दोन लाखसुद्धा नाही.

हेच तिकिटांत मोजा. तेव्हा अमेरिकेत तिकीट सरासरी साडेपाच-सहा डॉलरचं होतं. म्हणजे पहिल्या सिनेमाला पाच लाखांच्या जवळपास माणसं आली, दुसऱ्याला दोन लाख, आणि चार वर्षांत एक सिनेमा तीसेक हजारांवर आला. २००० च्या जनगणनेत युटाची लोकसंख्या बावीस लाख होती. त्यातले मॉर्मन किती, त्यातले रविवारी खरंच चर्चला जाणारे किती, त्यातले शुक्रवारी रात्री बेबीसिटर शोधून थिएटरला जाणारे किती? शेजारच्या आयडाहोचा आणि ॲरिझोनाचा तुकडा जोडा. विहीर एवढीच. पाणी गोड होतं, पण एका उन्हाळ्याचं.

आणि ही तिकीटबारीची रक्कम आहे बरं का. अंदाजे निम्मी थिएटरवाला ठेवतो. तेव्हा फिल्मच्या रिळांच्या प्रती काढाव्या लागायच्या, एकेका प्रतीला दीड-दोन हजार डॉलर. पोस्टर, रेडिओ, वितरकाचा वाटा वेगळा. निर्मात्याच्या हातात खरे पैसे यायचे ते डीव्हीडीतून. चर्चच्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरजवळ ठेवलेली असायची, आज्या नातवंडांना नाताळात द्यायच्या. डीव्हीडी मेली आणि तो झराही आटला. तुमच्या दिग्दर्शकाला आधी हे विचारा की एक लाख ऐंशी हजार कुठल्या दारातून परत येणार आहेत. "ऑनलाइन टाकू" हे उत्तर नव्हे. ऑनलाइन यांना स्वच्छ विनोद फुकट मिळतो. बीवाययू, म्हणजे चर्चचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, त्यांच्या टीव्हीवर २०१२ पासून स्टुडिओ सी हा विनोदी कार्यक्रम होता. त्यातली मूळ मंडळी २०१८ मध्ये बाहेर पडली आणि त्यांनी जेके स्टुडिओज काढलं. प्रोव्होत ड्राय बार कॉमेडी आहे, शिवी नसलेलं स्टँडअप, दारू नसलेल्या बारच्या नावाखाली. मग तसल्याच विनोदासाठी ही मंडळी बारा डॉलरचं तिकीट का काढतील?

आता कशावर हसतात.

तुम्हाला सगळे सांगतील की हिरव्या जेलीवर. गाजर किसून घातलेली ती लिंबाची जेली. खोटं नाही, २००१ मध्ये जेलो हा युटाचा अधिकृत खाऊ म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या वर्षीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिरव्या जेलीच्या टाचणीबिल्ल्यासाठी लोकांनी झुंबड केली. पण याच जेलीने ही लाट बुडवली असं माझं मत आहे. जेली, फ्युनरल पोटॅटोज (तुमच्याकडे आलेले चीजचे बटाटे तेच), घडीच्या खुर्च्या, सहा पोरांची व्हॅन. पहिल्यांदा पडद्यावर दिसलं तेव्हा नुसतं ओळखीनेच हसू आलं. आपलं घर टीव्हीवर दिसल्यासारखं. तिसऱ्या सिनेमात तीच जेली आली तेव्हा प्रेक्षक म्हणाले, हे तर आमच्या फ्रीजमध्ये आहे, पैसे कशाला देऊ.

खरी गंमत जेलीत नाही. ती यात आहे की या चर्चमध्ये वॉर्डात कुणालाही पगार नाही. बिशप दिवसा दातांचा डॉक्टर असतो. चारपाच वर्षं तो वॉर्ड चालवतो, लोकांची पापं ऐकतो, लग्नं मोडताना मध्ये पडतो. मग एका रविवारी त्याला मोकळं करतात आणि पुढच्या रविवारी तो पाळणाघरात दोन वर्षांच्या पोरांना बिस्किटं वाटत बसलेला असतो. आणि त्याच्या खुर्चीत येतो तो, ज्याच्या पोराला त्याने मागच्या महिन्यात बास्केटबॉलमध्ये बाहेर काढलं होतं. प्रत्येकाला काहीतरी काम लावलेलं, नाही म्हणायची सोय नाही, आणि प्रत्येक जण कधी ना कधी दुसऱ्याचा साहेब. आपल्या हौसिंग सोसायटीत सेक्रेटरी देवाने नेमला असता तर काय झालं असतं, एवढी कल्पना करा.

बास्केटबॉलवरून आठवलं. इथल्या यांच्या बहुतेक चर्चच्या इमारतींत प्रार्थनेच्या दालनाला लागून बास्केटबॉलचं मैदान असतं, मध्ये सरकता पडदा. प्रार्थनेने सुरू होणारी एकमेव मारामारी, असं इथे चर्चच्या बास्केटबॉलला म्हणतात. त्याच्यावरही सिनेमा झाला, २००६ मध्ये 'चर्च बॉल'. फ्रेड विलर्ड, गॅरी कोलमन, क्लिंट हॉवर्ड असे बाहेरचे ओळखीचे चेहरे घेतले. पाच लाखसुद्धा जमले नाहीत. बाहेरच्यांना बिशप कळला नाही आणि घरचे कंटाळलेले होते.

त्याच काळात काय झालं बघा. बीवाययूत शिकलेला जॅरेड हेस आयडाहोतल्या प्रेस्टन गावी गेला आणि चार लाख डॉलरमध्ये 'नेपोलियन डायनामाइट' करून आला. २००४ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला, पुढे एकट्या अमेरिकेत साडेचार कोटींच्या घरात गेला. त्यात चर्च नाही, बिशप नाही, मॉर्मन हा शब्द नाही. पण माझ्याबरोबर पाहणारे सगळे पहिल्या दहा मिनिटांत म्हणाले, हा आपला. पोरगा चिडला की "गॉश" म्हणतो, "फ्लिपिंग" म्हणतो. या भागात शिव्या अशाच असतात: हेक, फ्लिप, फेच. शिवीचा पूर्ण राग आणि अर्धा शब्द. हेसने या लोकांची पाटी काढून टाकली आणि लकब ठेवली. हेलस्टॉर्मच्या माणसांनी पाटी मोठी केली. मी दोन्हीकडच्या माणसांबरोबर जेवलोय आणि दोन्हीकडे चांगली माणसं आहेत, पण ताई, लिहिताना हा फरक डोक्यात असू द्या.

काय टाळायचं ते सोपं आहे. मंदिरातल्या विधींवर एक अक्षर नको. मंदिर म्हणजे रविवारचं चर्च नव्हे, ते वेगळं, तिथे आपल्याला प्रवेश नाही. त्यांच्या आतल्या पवित्र कपड्यांवर नको. प्रभुभोजनाच्या प्रार्थनेवर नको. स्वर्गातल्या पित्याचं नाव फुकट नको. बाकी बिशपच्या झोपेपासून साक्षीच्या रविवारपर्यंत सगळं मोकळं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणीही उठून माइकवर श्रद्धेची साक्ष देऊ शकतो. श्रद्धेने सुरू होतं आणि हवाईच्या सहलीवर संपतं. माझ्या मते हा जगातला सर्वांत जुना ओपन माइक आहे. ही मंडळी नाटकाला बिचकणारी नाहीत. ब्रिगहॅम यंगने १८६२ मध्ये सॉल्ट लेकमध्ये भलंमोठं थिएटर उघडलं, देऊळ बांधून व्हायच्या कितीतरी आधी. विसाव्या शतकात वॉर्डावॉर्डांतली पोरं रोडशो करायची, स्वतः लिहिलेली पंधरा मिनिटांची गाण्यांची नाटुकली घेऊन एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये पळायची. आपले गणपतीतले मेळे आठवा. म्हणून इथे नट शोधायला लागत नाहीत, काठी धरणारा शोधावा लागतो.

आता आवाजवाल्याची एक गोष्ट. चर्चच्या स्वयंपाकघरात शूटिंग होतं, शनिवार रात्र. फ्रीज घरघर करत होता. आमच्यात पद्धत अशी की फ्रीज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली आतच ठेवायची, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. त्या दिवशी मी मित्राच्या गाडीतून आलो होतो. किल्ली नव्हती, म्हणून घड्याळ ठेवलं. घड्याळ विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या वाढदिवसाची सात तबकं जेली आत होती. सोमवारी रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे वॉर्डातल्या महिला मंडळाच्या, अध्यक्षीणबाईंचा फोन आला. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "तुझं घड्याळ सापडलंय. हिरव्या तबकात होतं." पुढे काही नाही. एकही वाकडा शब्द नाही. महिनाभर मी त्या चर्चच्या पार्किंगमधला बर्फ काढत होतो, मला कुणी सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मी चार दिग्दर्शकांना दिली. चौघांनी जेली ठेवली आणि बर्फ काढून टाकला.

पैशाचं. माझ्याकडे एका जुन्या सिनेमाचा करार आहे, मजुरी नफा झाल्यावर. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. सिनेमा लागला, डीव्हीडी निघाली, दुकानात मी स्वतः विकत घेतली. नफा काही अजून झाला नाही. म्हणून सांगतो, दहा हजार देऊ नका आणि फुकट लिहूही नका. त्याला म्हणा, आधी ताटलीची बारा मिनिटांची फिल्म करू. दोन स्वयंपाकघरं, एक ताटली, दोन बायका, ज्यांना दोघींनाही थांबायचंय आणि दोघींनाही आधी थांबायचं नाही. चर्च दाखवूच नका. तीन शनिवारांचं काम आहे. रविवारी शूटिंग होणार नाही आणि सोमवारची संध्याकाळ त्यांच्या घरच्यांची, तेव्हा बैठकही ठेवू नका. काठी मी धरीन. पिझ्झा गरम हवा.

एकांकिकावाली

बूमकाठी, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तिकिटांच्या हिशोबापाशी तो खूश झाला आणि "फुकट लिहू नका" पाशी मी.

पण दिराच्या आराखड्यात शेवट असा आहे की भारतीय बाई बाप्तिस्मा घेते. आणि मध्ये एक होळीचा प्रसंग आहे, स्पॅनिश फोर्कच्या कृष्णमंदिरात, सगळे रंगात नाचतात. मला दोन्ही पटत नाही, पण कसं सांगू? तो मनाने खरंच सरळ आहे.

मेसाची सून (मेसा, ॲरिझोना)

मी या घरात लग्न करून आले, सासरचे पाच पिढ्यांचे सदस्य. मी स्वतः चर्चमध्ये नाही, नवरा अर्धा आहे. दोन गोष्टी सांगते.

एक, शब्द जपून वापरा. २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितलं की मॉर्मन म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या. ज्या गायकवृंदाच्या नावात तो शब्द होता त्यांनीसुद्धा नाव बदललं. माझ्या सासूबाई अजून चुकून म्हणतात आणि तोंडावर हात ठेवतात.

दोन, बूमकाठींनी जेलीवर सगळा दोष टाकला, पण अर्धा दोष परिपत्रकांचा आहे. होम टीचिंग म्हणजे महिन्यातून एकदा ठरलेल्या घरी जाऊन विचारपूस करायची, आणि सगळे ती एकतीस तारखेला रात्री करायचे. त्यावर आख्खा सिनेमा उभा होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये ती पद्धतच बंद केली. रविवारचं चर्च तीन तासांचं होतं, किती विनोद त्या तिसऱ्या तासावर, २०१९ च्या जानेवारीपासून दोन तासांचं झालं. २०१५ चा 'वन्स आय वॉज अ बीहाइव्ह' मला या सगळ्यांत आवडतो. वडील गेलेली, चर्चबाहेरची मुलगी यांच्या पोरींच्या कॅम्पला जाते. तर बीहाइव्ह हे मुलींच्या वर्गाचं नावच पुढे रद्द झालं. माझ्या पुतणीला शीर्षक समजावून सांगावं लागतं. वरून कागद येतो आणि तुमचा पंच गेला.

जुन्या विनोदी सिनेमांत मला खटकायचं ते वेगळंच होतं. त्यात मुलगी म्हणजे बक्षीस. हिरो सुधारला की मिळते. तिशी ओलांडलेली अविवाहित बाई दिसली की हशा. माझी नणंद चौतीस वर्षांची असताना आम्ही सगळे बसून त्यातला एक पाहिला. ती उठून भांडी घासायला गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते दृश्य कुणी लिहिलं नाही अजून.

बाप्तिस्म्याचं सांगायचं तर दिराला धर्मावरून अडवू नका, गोष्टीवरून अडवा. पाहुणीने बाप्तिस्मा घेतला की ताटली हरली. सोपं आहे. घरचे प्रेक्षक मान डोलावतील पण हसणार नाहीत, कारण शेवट त्यांना पहिल्या मिनिटाला माहीत होता. उलटही करू नका, वॉर्डातली माणसं मूर्ख आणि आपली सून शहाणी. तेही शंभरदा झालंय, 'द बुक ऑफ मॉर्मन' हे संगीत नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर २०११ पासून चाललंय, आणि चर्चने काय केलं तर त्याच नाटकाच्या माहितीपुस्तिकेत जाहिरात दिली, नाटक पाहिलंत, आता ग्रंथ वाचा. विनोदबुद्धी कमी समजू नका.

आणि चहाचा प्रसंग घाला. गरम पेय म्हणून त्यांना चहा-कॉफी वर्ज्य. मी नवी असताना सासऱ्यांना आल्याचा चहा दिला. ते कप हातात धरून वीस मिनिटं बोलत बसले, मला वाईट वाटू नये म्हणून, आणि तो गार करून कुंडीत ओतला. मला वाटलं चहा वाईट झाला, दुसऱ्या दिवशी साखर वाढवली. तेच सासरे सिरप आणि क्रीम घातलेला लिटरभर कोक घेऊन गाडी चालवतात. चहा पाप, सोडा पुण्य. कुंडीतलं झाड मात्र छान फुललं होतं.

बूमकाठी

मेसाच्या वहिनी, परिपत्रकांचं मान्य. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि नणंदेच्या भांड्यांचा आवाज मला मिळाला तर मी पिझ्झासुद्धा मागणार नाही.

होळीबद्दल. स्पॅनिश फोर्कचं राधाकृष्ण मंदिर खरंच टेकडीवर आहे आणि तिथल्या रंगोत्सवाला येणारी बहुतेक गर्दी बीवाययूच्या पोरांची असते. दारू नाही, शिवी नाही, चेहऱ्याला रंग. त्यांना असा सण कुठे मिळणार? पण ड्रोनने घेतलेला तो रंगाचा ढग इथल्या निम्म्या जाहिरातींत दिसतो. आवाजाला तर काहीच हाती लागत नाही, नुसता ढोल आणि वारा. त्याऐवजी दुसऱ्या दिवशीचं दाखवा. गुलाबी कान घेऊन रविवारी चर्चमध्ये बसलेला बिशपचा मुलगा. एका खुर्चीत होतं काम.

पेठकर (पुणे)

विषयांतर करतो. ही मंडळी आपल्याला नवी नाहीत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईत उतरला होता आणि पुण्याच्या कॅम्पात त्याने छोटी शाखाही काढली होती. काही वर्षांत सगळे परत गेले. तेव्हा रिकामी ताटली कुणी कुणाला दिली कोण जाणे.

एकांकिकावाली

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

पैसे दिले नाहीत. दिराला मी सरळ सांगितलं की बारा मिनिटांची करू, मजुरी आधी ठरवू. तो दोन दिवस गप्प होता. मग तिसऱ्या दिवशी पाचशे डॉलरचा चेक आणि सहीला करार घेऊन आला. पाचशे म्हणजे फार नाही, पण सांगलीत आम्हाला नारळ मिळायचा.

मागच्या शनिवारी शेजारणीच्या तळघरात वाचन झालं. चौदा माणसं, दोन बिशप, एक आजी आणि एक माजी. जेलीचा एक विनोद मी हट्टाने ठेवला होता, त्यावर कुणी हललं नाही. बूमकाठी कोपऱ्यातून माझ्याकडे बघून नुसते हसले. सासऱ्यांच्या कुंडीवर बरे हसले. सगळ्यात मोठा हशा मी न लिहिलेल्या जागी आला. शेजारीण स्वतःचीच भूमिका वाचत होती. "मला आता थांबायचंय" हे वाक्य आलं आणि ती वाचता वाचता सवयीने उठून सगळ्यांना कुकीज वाढायला लागली. मी ते तसंच लिहून घेतलंय.

बाप्तिस्मा गेला. होळी अजून गेलेली नाही, पण ड्रोन गेला. शूटिंग पुढच्या महिन्यात, तीन शनिवार.

आता अडचण वेगळीच आहे. वाचनाच्या दिवशी निघताना तिने उरलेल्या कुकीज त्याच ताटलीत घालून माझ्या हातात दिल्या. ताटली आठवडाभर ओट्यावर आहे. सिनेमात शेवटी ती रिकामी परत जाते असं मी लिहिलंय, आणि मला स्वतःला ते जमत नाहीये. काय घालून देऊ?

मेसाची सून

शंकरपाळे. शूटिंगपर्यंत टिकतील.